बंदरावरची उभी लाट

मांजर्लीत समुद्र नाही, हे आधीच सांगून टाकते. मी पावसाळ्यात फळी घेऊन लाटेवर उभी राहते असं म्हटलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे अलिबागला जाता का?" अलिबागला कशाला जाऊ? आमच्या गल्लीतली शेवटची सोसायटी संपली, तिच्या कंपाउंडच्या भिंतीला वळसा घातला आणि चिखलातून खाली उतरलं की उल्हास नदी. तिथं ती लाट आहे. पावसाळ्यातले मोजके दिवस असते. दिवाळीच्या सुमाराला बघायला आलात तर काळा दगड, शेवाळ आणि कुणीतरी टाकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या दिसतील, आणि ही बाई थापा मारते असं म्हणून तुम्ही परत जाल.

त्या जागेला गावातले लोक बंदर म्हणतात. काठाला दगडी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या वर सपाट ओटा. पूर्वी इथं पडाव लागायचे, भात आणि गवत यायचं-जायचं, असं म्हातारी माणसं सांगतात. खरंखोटं नदीला ठाऊक. मी लग्न होऊन आले तेव्हा पडाव सोडाच, साधी होडीही नव्हती. होती ती रेती उपसणाऱ्यांची एक लोखंडी बोट. ती कधीतरी जप्त झाली आणि मग जप्त करणारेही तिला विसरले. तिचं एक टोक ओट्याला टेकलेलं आहे आणि दुसरं पाण्यातल्या कातळावर चढून बसलंय. गंजून तिचा रंग विटेसारखा झालाय.

तो कातळ नदीच्या अर्ध्या पात्रापर्यंत पसरलेला आहे. वर कर्जत-नेरळकडे पाऊस कोसळला की दुसऱ्या दिवशी इथं पाणी चढतं. अगदी चढलं की सगळं सपाट होतं आणि मांजर्लीतल्या लोकांना तळमजल्यावरचे फ्रिज उचलायची घाई होते. पण ते पाणी उतरताना मधे एक वेळ अशी येते की नदी कातळावरून घसरते, खाली आपटते आणि उठून उभी राहते. समुद्रातली लाट येते आणि जाते. ही येतही नाही, जातही नाही. पाणी पुढं निघून जातं, लाट तिथंच राहते.

तिच्यावर उभं राहणं म्हणजे काय, हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. फळीखालून नदी पळत असते आणि तुम्ही जागच्या जागी. पाण्याचा वेग इतका की पाऊल नखभर चुकलं तर फळी निसटते. खाली दगड आहे, आणि तो फार खाली नाही. डाव्या बाजूला कातळाची उघडी धार, उजव्या बाजूला बोटीचा गंजका पत्रा, आणि मधे जेवढी जागा उरते तेवढी आपली. अंबरनाथहून एकदा काही हौशी मंडळी ऑनलाइन मागवलेल्या मोठमोठ्या फळ्या घेऊन आली होती. त्यांनी पाण्याकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, नाक्यावर चहा घेतला आणि परत गेली. शहाणी होती.

पण मला भीती वाटते ती दगडाची नाही. काठावरून बघणाऱ्याला दिसतं की एक बाई वाहत्या पाण्यावर नुसती उभी आहे. ती पुढं जात नाही, मागं येत नाही. मी माझ्या नणंदेला पहिल्यांदा तसं उभं पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हे बरोबर नाही, असं काहीतरी आतून वाटलं होतं. ते वाटणं आजही पुरतं गेलेलं नाही.

ही लाट शोधली नणंदेनंच. ती बरीच वर्षं दक्षिणेकडे समुद्रकाठी राहून लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवायची. मग तिकडचं सगळं मोडलं आणि ती घरी परत आली. आता अंबरनाथच्या एका जिममध्ये ट्रेनर आहे. आली त्या वर्षी दीड दिवसाच्या गणपतीला आम्ही बंदरावर गेलो. सगळे आरती म्हणतायत आणि ही बाई टाळ हातात धरून नदीकडे बघत उभी. टाळ वाजवायचं विसरली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वैनी, हे बघ ना. हे इथं होतं, आणि मी येडी तिकडं जाऊन भाड्याच्या खोलीत राहत होते."

तिनंच मला शिकवलं. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी, कंबर धरणारी बाई. पण मला कुणी "तुला जमायचं नाही" म्हटलं की माझं डोकं सटकतं, आणि तसं घरातल्या प्रत्येकानं म्हटलं. उन्हाळाभर मी तिच्याबरोबर डोहात पोहले, दिवाणखान्यात फळी टाकून उठबस केली. दोन पावसाळे पडण्यात गेले. तिसऱ्यात उभी राहिले.

सासूबाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांची पद्धत लेकी बोले सुने लागे अशी. लेकीला म्हणायच्या, "तुना अक्कल नाय त नाय, घरातल्या शिकल्या-सवरल्या बाईना तरी पायजेल ना." घरात शिकली-सवरलेली बाई मी. सून ती सून आणि लेक ती लेक, हे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून कधी बोलून आणि कधी वाढून दाखवलं होतं. मीही काही गरीब गाय नव्हते. आमचं रोजचं बोलणं म्हणजे आमटीत मीठ जास्त की कमी, एवढंच. मी त्यांना आत्या म्हणते. आई म्हणायला माझी मला एक होती.

शेवटी लेकीपुढं त्यांचं चाललं नाही, तेव्हा त्यांनी अट घातली. अट मला घातली. "जायाचा त दोघींनी जायाचा नि दोघींनी यायाचा. एकटीनं माज्या दारान पाय ठेवायचा नाय." म्हणजे लेकीला काही झालं तर तू या घरात नाहीस, हा त्याचा अर्थ मला बरोबर कळला. आणि एवढं करून त्या स्वतःही यायच्या. ओट्याच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड आहेत, साती आसरा. पाण्यातल्या देवी म्हणा, पाण्यातल्या बाया म्हणा. त्या दगडांपाशी काळी छत्री उघडून बसायच्या आणि आमच्याकडे न बघितल्यासारखं करून बघायच्या.

त्यांचे तिथले नियम होते. एक, पाण्याजवळ कुणाचं नाव घ्यायचं नाही. पाणी ऐकतं आणि नाव शिकून घेतं. त्या लेकीला "ए पोरी" म्हणायच्या आणि मला नुसतं "ए". दोन, पाण्याजवळ कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो पुन्हा हाक मारेल. तिसऱ्यांदा मारेल. आसरा एकदाच बोलावते.

मी उल्हासनगरच्या कॅम्पात वाढले. आमच्या गल्लीत पहिल्या हाकेला ओ दिली नाही तर दुसऱ्या हाकेबरोबर चप्पल यायची. त्यामुळे मला या नियमाचं हसू यायचं. एकदा तसं बोलून दाखवलं, तर सासूबाई रागावल्या नाहीत. छत्रीची काडी बोटानं सरळ करत त्यांनी सांगितलं की त्यांच्या पाठची बहीण इथूनच गेली. दोघी बहिणी म्हशी घेऊन आल्या होत्या. बहिणीला कुणीतरी हाक मारली, तिनं "ओ" म्हटलं आणि ती हसत पाण्याकडे चालत गेली. जणू ओळखीचं कुणी भेटलं होतं. "मी हाक आयकलेली," त्या म्हणाल्या. "आमचे आयचा आवाज होता. नि आय त घरान भाकऱ्या थापत होती."

यानंतर मी हसले नाही. सगळं पटलं असंही नाही. पण नाव न घेण्याची सवय मला लागली ती लागलीच, आणि आता हे लिहितानाही कुणाचं नाव लिहायला हात धजत नाही.

तसंही लाटेजवळ हाकेचा काही उपयोग नसतो. पाण्याचा आवाज इतका असतो की शेजारी उभं राहून ओरडलं तरी फक्त तोंड हललेलं दिसतं. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या. एक हात वर म्हणजे ठीक आहे, दोन्ही हात डोक्यावर म्हणजे बाहेर ये. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं जे झालं त्यात मला सगळ्यात न उलगडलेली गोष्ट हीच आहे.

श्रावणातला दिवस होता. आदल्या दिवशी पूर येऊन गेला होता आणि सकाळपासून पाणी उतरत होतं. दुपारी आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा खालच्या पायऱ्या बुडालेल्या आणि साती आसरांचे दगड कोरडे, म्हणजे लाट अगदी हवी तशी. पाऊस थांबला होता आणि उजेड विचित्र होता, पिवळट. काठावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. एरवी दोनचार रिकामटेकडे असतातच.

नणंदेनं त्या दिवशी फळीची दोरी पायाला बांधली होती. आमचं त्यावरून भांडण झालं. समुद्रात ही दोरी पायाला असते, पडलं तरी फळी हाताशी राहते. नदीत ती बांधू नये, कुठं अडकली तर पाणी तुम्हाला वर येऊ देत नाही. हे मला तिनंच शिकवलेलं. पण आदल्या आठवड्यात तिची फळी वाहून गेली होती ती थेट रायत्याच्या पुलापाशी सापडली, आणि तिला परत तो वैताग नको होता.

"वैनी, टेन्शन नको घेऊ यार. एकदम झटका दिला की सुटते ती," ती म्हणाली.

"पट्टीचा पोहणाराच बुडतो," मी म्हणाले.

"मग तू सेफ आहेस," असं म्हणून ती खो खो हसली.

आधी मी गेले, थोडा वेळ उभी राहिले आणि सुखरूप बाहेर आले. मग ती गेली. तिचं उभं राहणं बघत राहावं असं असतं. गुडघे थोडे वाकलेले, हात सैल, चेहरा शांत. मी खालच्या अंगाला, जिथं वाहून आलेलं माणूस काठाला लागतं तिथं, पायरीवर उभी होते. सासूबाई वर दगडांपाशी बसल्या होत्या. तिनं एक हात वर केला. मी केला.

आणि ती दिसेनाशी झाली. पडताना मी तिला पाहिलंच नाही. पापणी लवली तेवढ्यात लाट रिकामी झाली होती. मी खाली बघत राहिले, आता डोकं वर येईल, आता येईल. डोकं आलं नाही. बोटीच्या पलीकडे फळी वर आली आणि आडवी न होता उभी राहिली, अर्धी पाण्यात, अर्धी पाण्याबाहेर, आणि थरथरायला लागली. मला त्याचा अर्थ कळला. फळीला बांधलेलं माणूस खाली अडकलं होतं आणि खालून दोरी ताणत होतं.

कुणीही फळीकडेच धावलं असतं. मीही पायरीवरून पाण्यात उडी टाकायला पुढं झुकले होते. तेवढ्यात मागून हाक आली.

माझ्या नावानं आली. आणि हे नाव म्हणजे माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथंच संपलं. या घरात ते कुणी घेत नाही. नवरा "अगं" म्हणतो, नणंद "वैनी" म्हणते, आधार कार्डावर नवं नाव आहे. उल्हासनगरच्या गल्लीतसुद्धा शेजारच्या सिंधी आंटीपासून दुकानदारांपर्यंत सगळे त्याचं अर्धं तोडून हाक मारायचे. ते अख्खं नाव फक्त माझी आई घ्यायची. ती साताऱ्याकडची. माझ्या नावात एक ण आहे, आणि तो ती असा ठणठणीत उच्चारायची की गल्लीच्या टोकाला खेळत असले तरी मला कळायचं, जेवायची वेळ झाली. आई जाऊन काही वर्षं झाली आहेत. ती गेल्यापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

इतक्या प्रचंड आवाजात ती हाक अगदी स्पष्ट आली, घरात शेजारच्या खोलीतून यावी तशी. ण सकट. शेवटचं अक्षर थोडं लांबवून. बोटीच्या ओट्याला टेकलेल्या टोकाकडून.

मी "ओ" म्हणाले. विचार करून म्हणाले नाही. आईच्या हाकेला ओ देताना कोण विचार करतं?

वळले तेव्हा सासूबाई माझ्या पाठीशी होत्या. त्या वयात त्या पायऱ्या कशा उतरल्या कोण जाणे. त्यांनी माझं मनगट धरलं, दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "ओ देऊ नको." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हाक त्यांनीही ऐकली होती. त्यांची पोटची पोर पाण्याखाली होती आणि ती बाई मला धरून उभी होती.

मी हिसडा मारला. काचेच्या बांगड्या फुटल्या, त्यांच्या तळव्यात रुतल्या, तरी त्यांनी धरलेलं मला ओढून सोडवावं लागलं. मी फळीकडे गेले नाही. हाक आली तिकडे, बोटीच्या टोकाकडे पळाले. ओट्यावरून बोटीवर चढले, गंजक्या पत्र्यावर पालथी पडले आणि खाली बघितलं.

बोटीच्या पत्र्याला पाण्याखाली एक लोखंडी आकडा आहे. कधीकाळी साखळी अडकवायचा असेल. दोरी त्या आकड्याला वळसा घालून अडकली होती. एका बाजूला फळी, दुसऱ्या बाजूला गढूळ पाण्यात तिच्या पायाचा फिकट ठिपका. काठावरून हा आकडा दिसत नाही. खालून उडी मारली असती तर पाण्यानं मला तिच्यापासून दूर नेलं असतं. मी खांद्यापर्यंत हात घातला, दोरी बोटांना लागली, ती तारेसारखी ताठ होती. ओढून सैल होईना. मग मी ती ओढायची सोडून आकड्याच्या टोकाकडे ढकलली. ती सुटली. क्षणात पाय दिसेनासा झाला.

ती खालच्या पायऱ्यांशी वर आली. सासूबाईंनी कमरेइतक्या पाण्यात उतरून तिच्या केसांना धरलं आणि तिला पायरीवर ओढून घेतलं. मी पोचले तेव्हा ती पालथी होऊन पाणी ओकत होती. कपाळाला खोक पडली होती. ती जिवंत होती आणि शिव्या देत होती. मी तिच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. मला लाज वाटली नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वैनी, तू बोटीवर कशी गेलीस? आकडा तर वरून दिसत पण नाही."

"तू हाक मारलीस ना," मी म्हणाले. हे मी स्वतःला समजावण्यासाठी म्हणाले असणार, कारण ते नाव तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

"मी?" ती म्हणाली. "मी पडले ती सरळ खालीच. तोंड उघडलं असतं तर पाणी गेलं असतं ना आत. आवाज कसला काढणार?"

सासूबाईंच्या तळव्यातून रक्त येत होतं, ते त्या पदरानं पुसत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी मीठमोहऱ्या घेतल्या आणि दृष्ट काढली. मला वाटलं लेकीची काढणार. लेक तर टाके घालून, डोकं बांधून कोचावर पडली होती. त्यांनी आधी मला समोर बसवलं. मोहऱ्या तव्यावर टाकल्या तेव्हा तडतड झाली नाही, नुसता धूर झाला. त्यांनी तवा तसाच उचलून मागच्या दाराबाहेर ठेवला.

"तो नाव कोन घेतो तुजा?" त्यांनी विचारलं.

"आता कुणी नाही. आई घ्यायची."

त्यांनी उठून मागच्या दाराची कडी लावली. मला राग आला. मी म्हटलं, "आत्या, वाईट असतं तर त्यानं मला तिच्यापाशी कशाला नेलं असतं? त्या हाकेमुळं तुमची लेक घरात आहे. माझी आईच असेल ती."

"आमिष लावल्याबिगर मासा गळाला लागतो का?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, बाजारातला भाव सांगावा तसा. "माजी पोर आमिष होती. मागितलाय तुना. नि तू ओ देऊन आलीस."

रात्री झोप लागली नाही. राग खरा कशाचा होता ते अंथरुणात पडल्यावर कळलं. इतक्या वर्षांनी मला माझी आई मिळाली होती आणि ही बाई ती माझ्याकडून काढून घेत होती.

पुढच्या मंगळवारी त्या मला घेऊन बंदरावर गेल्या. साती आसरांना हळदकुंकू, नारळ, हिरव्या बांगड्या. नैवेद्याला भाताचे गोळे. मी मागं उभी होते. त्या दगडांशी नवस बोलतील, पदर पसरतील असं मला वाटलं होतं. त्या दगडांना झापत होत्या. गावकीच्या भांडणात बायका कमरेला पदर खोचून उभ्या राहतात तशा उभ्या राहून म्हणाल्या, "एक बहीन दिली. ती मागायला आलू नाय कंदी. ही नाय मिलायची. ही माजी हाय." मग वळून मला म्हणाल्या, "चल. आमटी टाकायची हाय." मी रस्ताभर त्यांच्या मागून चालले. डोळे सारखे भरून येत होते आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी मागं राहत होते.

त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या माहेरच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. पाण्याला नाव कळलंच आहे तर ते एकट्या पाण्याकडे कशाला ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकघरातून, गच्चीवरून, शेजारणीच्या दारातून. नेहमी तीनदा. आणि नेहमी चुकीचं. त्यांच्या बोलण्यात ण नाही. पाणीचं पानी होतं, तसं माझं नावही होतं. सुरुवातीला मला ते ऐकवत नसे. वाटायचं, घेऊ नका, राहू द्या, मोडतंय ते. एकदा मी दुरुस्त करायला गेले तर त्या म्हणाल्या, "मना म्हायतीये कसा बोलतात. तसा मी नाय बोलायची." मग मला कळलं की हा हेका नाही, पाण्याची हाक आणि त्यांची हाक मला वेगळी ओळखता यावी म्हणून ते होतं.

गणपतीनंतर पुन्हा पाणी चढलं आणि उतरायला लागलं. नणंदेच्या कपाळावरची खपली गेली होती, दोरी तिनं स्वतःच्या हातानं कापून टाकली होती. नवरा म्हणाला, आता पुरे. मला वाटलं सासूबाई त्याची री ओढतील. त्या म्हणाल्या, "जाव दे तिना. भ्यायला लागलो त पानी घरापतुर येतं."

मी आधी गेले. पाण्याचा रंग चहासारखा होता. फळी टेकली, पाय ठेवले आणि उभी राहिले. खालून नदी पळत होती, मी जागच्या जागी होते, आणि कानात त्या आवाजाशिवाय काही नव्हतं. काठावर नणंद एक हात वर करून उभी होती. मी हात वर केला.

तेव्हा हाक आली. एकदाच, आणि या वेळी मागून नव्हे, अगदी जवळून, लाटेच्या पोटातून. माझं अख्खं नाव, त्यातला ण ठणठणीत, शेवटचं अक्षर लांबवलेलं. रागाची नव्हती हाक, घाबरवणारीही नव्हती. ताट वाढलंय, निवतंय, ये, अशी होती. माझे पाय सैल पडले आणि फळी डगमगली. घसा आपोआप उघडत होता.

मी काठाकडे बघितलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. छत्री खाली पडली होती. पाण्याजवळ कुणाचं नाव न घेणारी ती बाई तोंड भरून काहीतरी ओरडत होती, पुन्हा पुन्हा, न थांबता. मला अक्षरही ऐकू येत नव्हतं. पण इतक्या दिवसांत ते नाव त्यांच्या तोंडावर कसं दिसतं ते मला पाठ झालं होतं. मी त्या तोंडावरून नजर हलवली नाही.

माझी आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिला शेवटी बोलता येत नव्हतं. तिनं एकदा, फक्त एकदा, मला नावानं हाक मारावी म्हणून मी काय काय बोलले होते देवाला. आता ती मारत होती. मी दात घट्ट मिटून, सासूच्या तोंडाकडे बघत उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा आईला ओ दिली नाही.